बाइंड_रिझल्ट वापरून राहिले का? आधी कॉलमचा क्रम पाहा

बाइंड_रिझल्ट म्हणजे पीएचपीच्या मायएसक्यूएलआयचं (मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारा भाग) फंक्शन, क्वेरीतून आलेले कॉलम व्हेरिएबलात टाकणारं. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी मी आवकेचं छोटंसं पान बनवलं होतं, टेबलात तीनच कॉलम, गाव, क्रेट, भाव. पान उघडलं तर काटोलच्या मालासमोर क्रेट 650 आणि भाव 40! एरर एकही नाही. व्यापारी म्हणे, "काऊन भाऊ, 40 रुपयात क्रेट विकून राहिलो का मी?"

झालं असं की सिलेक्ट क्वेरीत मी लिहिलं होतं गाव, भाव, क्रेट, आणि खाली हे:

$स्टेटमेंट->बाइंड_रिझल्ट($गाव, $क्रेट, $भाव);

(फंक्शनचं नाव अर्थात इंग्रजीतच टाइप करा, व्हेरिएबल मात्र देवनागरीत ठेवलं तरी पीएचपीला चालतं.) हे फंक्शन कॉलमचं नाव पाहतच नाही, पहिला कॉलम पहिल्या व्हेरिएबलात, दुसरा दुसऱ्यात, बस. दोन्ही आकडेच, मग बोंब कोण मारणार? संख्या जुळली नाही तर मात्र लगेच एरर येते, म्हणून सिलेक्ट स्टार (म्हणजे सगळेच कॉलम) लिहूच नका, उद्या कोणी टेबलात एक कॉलम वाढवला की पान बंद.

क्रम असा: प्रिपेअर, क्वेरीत प्रश्नचिन्हं (व्हॅल्यू नंतर भरायच्या जागा) असली तर बाइंड_पॅराम, एक्झिक्यूट, मग बाइंड_रिझल्ट, मग व्हाइल लूपमध्ये फेच. बाइंड केल्याबरोबर व्हेरिएबल एको करून पाहाल तर रिकामंच दिसेल, कारण व्हॅल्यू येते ती फेच मारल्यावर. फेच ओळ मिळाली तर ट्रू देतं, ओळी संपल्या की नल, आणि गडबड झाली तर फॉल्स.

आता खरी डोकेदुखी. काही जण थेट $ओळ['गाव'], $ओळ['भाव'] असं ॲरेच्या खान्यांनाच बाइंड करतात आणि लूपमध्ये $यादी[] = $ओळ; करतात. शंभर ओळी येतात आणि शंभरही शेवटच्या ओळीसारख्याच! बाइंड केलेले खाने रेफरन्स (त्याच एका जागेकडे बोट दाखवणारे) असतात, ॲरे कॉपी झाला तरी आतला रेफरन्स तोच राहतो. साधी व्हेरिएबलं बाइंड करा आणि दरवेळी नवा ॲरे बनवा:

$यादी[] = ['गाव' => $गाव, 'भाव' => $भाव];

लूप चालू असताना त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी मारली तर "कमांड्स आउट ऑफ सिंक" येतं, तेव्हा एक्झिक्यूटनंतर स्टोअर_रिझल्ट टाका (सगळ्या ओळी आधीच मेमरीत घेतं), नम_रोजचा म्हणजे ओळींचा आकडाही मग बरोबर येतो.

पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा दुसरा भाग) वापरत असाल तर बाइंडकॉलम आहे, ते नाव पण घेतं आणि नंबर पण, फक्त नंबर 1 पासून सुरू होतो आणि फेचला फेच_बाउंड सांगता येतं. मी नावच देतो, एकदा पोळलो ना.

कॉलम पंधरा-वीस असले तर बाइंड करत बसू नका बाप्पा, गेट_रिझल्ट घ्या आणि फेच_असोक करा, ओळ कॉलमच्या नावांसकट ॲरेत मिळते. गेट_रिझल्टला मायएसक्यूएलएनडी (पीएचपीचा स्वतःचा मायएसक्यूएल ड्रायव्हर) लागतं, पीएचपी 8.2 पासून मायएसक्यूएलआय त्यावरच चालतं, जुन्या स्वस्त होस्टिंगवर मात्र आधी तपासा. कळमन्याचं पान अजून बाइंड_रिझल्टवरच आहे, तीन कॉलमला पुरतं.