आकडा जागेचा नव्हे, संदर्भाचा: प्रबंधातील क्रमांकित संदर्भपद्धती

क्रमांकित पद्धतीत विधानाला लागून फक्त एक आकडा येतो आणि लेखक, शीर्षक, वर्ष हा सगळा तपशील शेवटच्या संदर्भसूचीत जातो. वैद्यकशास्त्रात रूढ असलेली व्हँकुव्हर शैली १९७८ साली कॅनडातील त्या शहरात झालेल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या बैठकीतून पुढे आली; अभियांत्रिकीत बहुधा आयईईई (विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची संस्था) या संस्थेची शैली चालते. आपल्याला यांपैकी कोणती वापरायची आहे, हे मार्गदर्शकांना पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

मूळ नियम एकच आहे. जो संदर्भ मजकुरात प्रथम येतो तो १, त्यानंतरचा नवा संदर्भ २. आणि पहिलाच संदर्भ पुढे नव्वदाव्या पानावर पुन्हा आला, तरी तिथेही तो १ च राहतो. त्यामुळे सूची वर्णानुक्रमाने लावायची नसते, हे पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगतो, कारण सवयीने हात तिकडेच वळतो.

आकडा कुठे ठेवायचा, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. एका वाक्यात दोन विधाने असतील आणि त्यांना आधार देणारे ग्रंथ वेगळे असतील, तर दोन्ही आकडे वाक्याच्या शेवटी एकत्र न टाकता ज्या त्या विधानापाशी ठेवावेत. नाहीतर कोणता आधार कशाला, हे वाचकाने ओळखायचे कसे? आयईईईमध्ये आकडा चौकोनी कंसात, पूर्णविरामाच्या आधी येतो.

सूचीतील नोंद कशी बदलते, हे एका प्रसिद्ध लेखावरून पाहू. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख १९५३ साली ‘नेचर’च्या १७१व्या खंडात ७३७ आणि ७३८ या पानांवर छापून आला. व्हँकुव्हर शैलीत आडनाव आधी, मग बिंदू न देता आद्याक्षरे, आणि पाने ७३७-८ अशी आखडून लिहितात. आयईईईत आद्याक्षरे आधी व बिंदूंसह, शीर्षक अवतरणचिन्हांत आणि पाने पूर्ण, ७३७–७३८. एकाच सूचीत या दोन रीतींची सरमिसळ झाली, तर परीक्षकाला ती पहिल्या पानावरच दिसते.

मोठ्या ग्रंथाला नुसता आकडा पुरत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे १९ खंड आहेत. त्यातील श्लोकाचा आधार घेताना केवळ [७] लिहिले, तर वाचक कुठे शोधणार? पर्व, अध्याय आणि श्लोक मजकुरातच सांगावा. छापील पुस्तकाचाही पानक्रमांक कंसात आकड्यापुढे द्यावा.

आकडे हाताने कधीही घालू नयेत. माझा स्वतःचा प्रबंध बाइंडिंगला टाकण्याच्या आदल्या रात्री मी दुसऱ्या प्रकरणात १४ नंतर एक नवा संदर्भ घातला आणि पुढचे सगळे आकडे एकेकाने वाढवत गेलो. पण ‘[१५]–[१८]’ असा एकत्र लिहिलेला पट्टा तसाच राहिला आणि चार विधानांचे आधार चुकले. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर किंवा लाटेक्स या मजकूर-मांडणीच्या प्रणालीतील बिबटेक्स हे संदर्भसूचीचे साधन वापरल्यास क्रमांक आपोआप सरकतात. मात्र त्यांत भरलेली माहिती चुकीची असेल, तर सूचीही तशीच चुकीची छापली जाते, म्हणून प्रत्येक नोंद मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहावी.

प्रबंध देण्याआधी सूचीची छापील प्रत समोर ठेवावी, मजकूर वाचत जावे आणि जो आकडा भेटेल त्याच्या सूचीतील नोंदीवर पेन्सिलीने खूण करावी. शेवटी ज्या नोंदीवर खूण नाही ती काढून टाकावी आणि सॉफ्टवेअरला क्रमांक नव्याने लावू द्यावेत. मग कोणतेही दहा आकडे निवडून ते लेख, लागल्यास ग्रंथालयात जाऊन, उघडावेत आणि आपण म्हटले तेच तिथे लिहिले आहे का, ते वाचावे.