सहनिवासात आधी जेवणाचा वार ठरवा

सहनिवास म्हणजे घरं स्वतंत्र, पण काही जागा आणि कामं सामाईक. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन ही अशी सुरुवातीची वसाहत उभी राहिली. तेव्हापासून अशा वसाहतींचा कणा म्हणजे सामाईक जेवण. कोल्हापुरात चार-सहा घरं मिळून राहणार असाल, तर नियमावलीआधी हेच ठरवा. वार पक्का, हजेरी ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

स्वयंपाकाला दोन घरांची जोडी लावा, एक जुनं आणि एक नवं, आणि जोड्या बदलत राहा. शेजारी बसून कांदा-खोबरं भाजताना जेवढं मोकळं बोलणं होतं, तेवढं वार्षिक सभेत कधीच होत नाही. तांबडा-पांढरा असेल त्या दिवशी शाकाहारी घरांसाठी अख्खा मसूर करा. पातेलं वेगळं आणि पळीही वेगळी. रश्श्याची पळी चुकून मसुरात गेली, तर माणूस तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या वेळी येतच नाही.

भांडी घासायची पाळी पुरुषांनाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर सगळा भार बायकांवर येतो आणि उपक्रम बंद पडतो. माणशी खर्च त्याच रात्री फळ्यावर लिहा. पार्किंग आणि पाण्याच्या टाकीच्या तक्रारी मात्र ताटावर नकोत. त्यांना महिन्याची वेगळी बैठक ठेवा.