एकच पार्ट, मुंबईत एक भाव आणि नागपुरात दुसरा: खरा फरक कुठे आहे ते कसं शोधायचं

माझ्याकडे वॅगनआर आहे आणि नागपूरच्या मावसभावाकडेपण तीच, वर्षसुद्धा एकच. जीएसटी कमी व्हायच्या आधीची गोष्ट, आम्हा दोघांचे पुढच्या ब्रेकचे डिस्कपॅड एकाच महिन्यात बदलले. मला घराजवळच्या गॅरेजमध्ये २,१५० पडले, तो म्हणाला मला सगळं मिळून १,७३५ लागले, दादा तुम्ही मुंबईवाले उगाच जास्त मोजता. मला खूप लागलं ते. पण मी मेकॅनिककडून रिकामा डबा मागून घेतला होता आणि त्यानेपण ठेवला होता, म्हणून आम्ही एकमेकांना फोटो पाठवले. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच. एमआरपी दोन्हीवर १,६५०, एक रुपयाचा फरक नाही.

मग ४१५ रुपये गेले कुठे? त्याला काउंटरवर १० टक्के सूट मिळाली होती म्हणजे पॅड १,४८५ ला, आणि लावायची मजुरी २५०. माझ्या बिलावर एकच ओळ होती, ‘डिस्कपॅड २,१५०’, त्यात पूर्ण एमआरपी आणि ५०० मजुरी एकत्र घातलेली. म्हणजे पार्ट मुंबईत महाग नव्हताच, सूट मिळाली नाही आणि मजुरी दुप्पट लागली. तेव्हापासून मी प्रत्येक पार्टच्या वेळी तोच क्रम धरतो, आणि तो इथे नीट लिहून ठेवतोय कारण दर महिन्याला कोणीतरी ओळखीचं विचारतंच की दिल्लीवरून मागवू का, पुण्याला जाऊन घेऊ का.

सगळ्यात आधी पार्ट नंबर काढा

नावाने भाव विचारू नका. ‘वॅगनआरचा लोअर आर्म कितीला’ असं पाच जणांना विचारलं तर पाच वेगळे भाव येणार, कारण एक जण कंपनीचा सांगतोय, दुसरा लोकल सांगतोय, तिसरा जुन्या मॉडेलचा सांगतोय. आरसी बुकवर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो, तो घेऊन कुठल्याही ऑथराइज्ड डीलरच्या पार्ट्स काउंटरला जा (सर्व्हिसचं काउंटर वेगळं, पार्ट्सचं वेगळं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं) आणि सांगा की या गाडीचा अमुक पार्ट, नंबर आणि एमआरपी सांगा. जुनं सर्व्हिस बिल असेल तर त्यावरपण नंबर छापलेला असतो.

नंबर वाचायला शिकलात तर फसवणूक अर्धी कमी होते. मारुतीच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्ट काय आहे ते सांगतात, म्हणजे पुढच्या डिस्कपॅडच्या सेटला ५५८१०, आणि पुढचा भाग कुठल्या मॉडेलचा ते सांगतो. ह्युंदाईत पुढच्या पॅडचा नंबर ५८१०१ ने सुरू होतो. त्यामुळे पहिले पाच जुळले म्हणून खूश होऊ नका, पुढचं सगळं जुळलं पाहिजे. कधी कधी काउंटरवाला म्हणतो हा नंबर बंद झाला, याच्या जागी नवीन आलाय, तेही खरं असू शकतं, कंपन्या नंबर बदलतात, पण मग जुन्या नंबरच्या जागी तोच आलाय हे त्याला स्क्रीनवर दाखवायला सांगा. लाइट, आरसा, शॉकअप घेताना लेफ्ट-राइट गाडीत बसून समोर बघताना धरायचं, समोर उभं राहून नाही, यात माझ्या शेजाऱ्याचा एक हेडलाइट वाया गेलाय.

मग एमआरपी बघा, ती देशभर एकच

कंपनीच्या डब्यावर जी एमआरपी छापलेली असते ती सगळे टॅक्स धरून असते आणि तीच मुंबईत, तीच नागपुरात, तीच गुवाहाटीत. आपल्याकडे ‘मुंबईत माल महाग’ हे जे डोक्यात बसलंय त्याला जुनं कारण आहे: ३० जून २०१७ पर्यंत मुंबईत जकात होती, दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रक थांबायचे, आणि प्रत्येक राज्याचा व्हॅटपण वेगळा होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे दोन्ही गेलं. तुम्ही दिल्लीहून मागवा नाहीतर ग्रँट रोडवरून घ्या, टॅक्सचा दर तोच.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. आधी बहुतेक पार्टवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर १८ टक्के झाला. हिशोबाने २८ टक्के धरून जो डबा १,६५० चा होता तो १,५२१ च्या आसपास यायला हवा. जुना स्टॉक दुकानात पडलेला असू शकतो, त्यामुळे डब्यावर पॅकिंगचा महिना बघा आणि जुनी एमआरपी लावत असतील तर तिथेच विचारा. एमआरपीच्या वर कोणी मागितलं तर सरळ नाही म्हणा, पक्कं बिल घ्या, आणि ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आता फोन करा, तीन ठिकाणी तरी

एमआरपी एकच असेल तर भाव बदलतो कशात? सूट किती मिळते त्यात. आणि सूट किती मिळणार हे त्या मार्केटमध्ये तो पार्ट किती खपतो, दुकानदाराला वरून किती मार्जिन आहे, त्याचं भाडं किती, आणि तुम्हाला घेऊन येणाऱ्या मेकॅनिकला त्यातून काही द्यायचंय का, यावर ठरतं.

मुंबईत आपलं मुख्य मार्केट म्हणजे ऑपेरा हाऊस ते लॅमिंग्टन रोडचा पट्टा, केनेडी ब्रिजच्या आसपास आणि त्रिभुवन रोडला. चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरून चालत जा, गाडी नेऊ नका, पार्किंगमध्येच वाचवलेले पैसे जातील. तिथली गंमत अशी की दुकानं अगदी छोटी, काउंटरच्या मागे छतापर्यंत डबे, आणि एकेक जण एकेकाच कंपनीचा नाहीतर एकेकाच प्रकारचा माल ठेवतो, कोणी फक्त बेअरिंग, कोणी फक्त क्लच, कोणी फक्त रबर. मी नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेतो आणि तो कागद काउंटरवर ठेवतो. नंबर दिसला की बोलण्याची पद्धतच बदलते, कारण समोरच्याला कळतं की हा तोच नंबर बाजूच्या चार दुकानांत विचारणार आहे. विचारायचं एवढंच: ‘एमआरपीवर किती टक्के, बिलासकट?’ कच्च्या बिलावर दोन-चार टक्के जास्त सोडतो म्हणतात, पण मग माल खराब निघाला तर तुमच्या हातात काही नसतं, मी कधीच घेत नाही.

दुसरा फोन घराजवळच्या डीलरच्या पार्ट्स काउंटरला. तिथे सूट बहुतेक वेळा कमी, पण नियमित गिऱ्हाइकाला विचारल्यावर देतात, आणि विचारल्याशिवाय देत नाहीत.

तिसरा फोन बाहेरगावी. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, बंगळुरूत जेसी रोड, ही स्पेअर पार्टची मोठी मार्केटं. काश्मिरी गेटचा होलसेल फार मोठा आहे, देशभरातले दुकानदार तिथून उचलतात, त्यामुळे काही मालावर तिथे खरंच जास्त सूट निघते. ऑनलाइन पार्ट विकणाऱ्या साइटवर नंबर टाकला की वेगवेगळ्या शहरांतले विक्रेते एकाखाली एक दिसतात, तेवढं बघितलं तरी अंदाज येतो.

उलटंपण असतं बरं का. मुंबईत काळी-पिवळी आणि ॲपवाल्या टॅक्सी एवढ्या आहेत की टॅक्सीत चालणाऱ्या मॉडेलचा माल इथे हातोहात खपतो आणि सहज मिळतो, सीएनजीच्या सामानाचंही तसंच. पद्मिनी टॅक्सी होत्या तेव्हा त्यांचा बारीकातला बारीक स्क्रूसुद्धा मुंबईत मिळायचा, शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. आणि कारखान्याजवळ पार्ट स्वस्त मिळेल असं समजू नका, पिंपरीत टाटाची गाडी बनते म्हणून टाटाचा पार्ट पिंपरीत कमी भावात मिळत नाही, डब्यावरची एमआरपी तीच राहते.

दारात पोचेपर्यंतचा हिशोब करा

इथेच सगळे चुकतात. समजा दिल्लीत १८ टक्के सूट आणि मुंबईत १०. डिस्कपॅड १,५२१ चे, म्हणजे फरक १२२ रुपयांचा, तो कुरिअरमध्येच संपला. पण ६,००० चा क्लच सेट असेल तर फरक ४८० होतो, तिथे विचार करायला हरकत नाही.

बंपर, बॉनेट, डॅशबोर्ड असल्या मोठ्या मालाला कुरिअरवाले वजन नाही, आकार बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं, जे येईल तेवढे किलो धरतात. १५० बाय ४५ बाय ४० च्या खोक्यातला बंपर हातात घेतला तर चार-पाच किलोचा, पण कुरिअरच्या हिशोबाने ५४ किलो! वर तो क्रॅक होऊन येण्याची भीती. असला माल जवळच घ्यावा, दुसऱ्या शहरातली कितीही सूट दाखवली तरी. आणि परत करायची वेळ आली तर जाण्याचं भाडं तुमच्याच खिशातून जाणार हे आधीच धरा.

भाव खूपच कमी असेल तर माल कुठला ते विचारा

निम्म्या किमतीत तोच पार्ट मिळतोय असं दिसलं की तो तोच पार्ट नसतो, असं धरून चाला. गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवणारे कारखाने तोच प्रकारचा माल स्वतःच्या नावाच्या डब्यातपण विकतात, गॅब्रिएलचे शॉकअप, ल्युमॅक्सच्या लाइट, बॉशचे फिल्टर, हे घेण्यात काही वाईट नाही, मी स्वतः घेतो, बऱ्याचदा कंपनीच्या डब्यापेक्षा कमी पडतात. पण मग तुलना त्याच डब्याशी करा, मुंबईतला कंपनीचा डबा आणि दिल्लीतला लोकल डबा यांची तुलना करून ‘दिल्ली स्वस्त’ म्हणू नका. आणि जो कंपनीच्या नावाचा डुप्लिकेट असतो तो कुठल्याच भावात घेऊ नका, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत तर विषयच नको. डब्याची छपाई पुसट, होलोग्राम साधा स्टिकरसारखा, पार्टवर कोरलेला नंबर आणि डब्यावरचा नंबर वेगळा, यातलं एकही दिसलं तर ठेवून निघा.

सेकंडहँडसाठी आपल्याकडे कुर्ल्याचा सीएसटी रोड. दिल्लीत जुन्या पार्टचा ढीग जास्त कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाची बंदी आली आणि पुष्कळ गाड्या तुटायला गेल्या. दरवाजा, आरसा, सीट, काच हे बघून घेता येतं. ब्रेकचं काहीही नाही, सीटबेल्ट नाही, आणि एअरबॅग तर अजिबात नाही.

दुबईवरून पाहुणे येताना पार्ट आणतात, त्याबद्दल एकच सांगतो कारण हे जिवाशी येतं. तिथे व्हॅट ५ टक्केच आहे त्यामुळे भाव आकर्षक वाटतो, पण तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या हेडलाइटचा लो बीम उजवीकडे वर उचललेला असतो. तो आपल्या गाडीला लावला की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात थेट जातो. फिट बसतो, लागतो, दिसायला सेम, तरीही लावू नका.

शेवटी मजुरी वेगळी लिहून घ्या

खरा प्रांताप्रांताचा फरक मजुरीत आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचेही मजुरीचे दर शहराप्रमाणे बदलतात, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये तर वांद्र्याचा आणि बदलापूरचा दर एक असूच शकत नाही, जागेचं भाडंच तेवढं आहे. म्हणून गाडी देताना सांगा की पार्टची ओळ वेगळी, मजुरीची वेगळी. पार्ट मी आणून देतो म्हटलं तर काही मेकॅनिक नाराज होतात, त्यांचं मार्जिन जातं, ते मजुरी थोडी वाढवून मागतील, तर द्या, माणसाने काम केलंय. फक्त तुमच्या पार्टची गॅरंटी तो घेणार नाही हे समजून घ्या. कंपनीचे पार्ट बाहेर मिळत नाहीत हा विषय स्पर्धा आयोगाकडेही (बाजारात कोणी मक्तेदारी करू नये हे बघणारी सरकारी संस्था) गेला होता, २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींच्या वर दंड लावला आणि स्पेअर पार्ट खुल्या बाजारात, बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या असं सांगितलं, पुढे ते अपिलात गेलं.

पार्ट लावायच्या आधी जुना काढून नवीनच्या शेजारी ठेवायला सांगा आणि दोन्हीचा एक फोटो काढा, भोकं, क्लिपा, कनेक्टरची पिन सगळं जुळतंय का बघा. इलेक्ट्रिकल माल एकदा लावला की ऑपेरा हाऊसला कोणीच परत घेत नाही, त्यामुळे सेन्सर किंवा रिले घेतलात तर त्याच दिवशी, मार्केट उघडं असताना लावून बघा, आणि डबा फाडू नका, कडेने उघडा.