रोज पोस्ट टाकता, तरी काम येत नाही? सोशल मीडियावर व्यवसाय वाढवताना या चुका टाळा

“रोज काहीतरी टाकतोच, पण काम काही येत नाही.” छोटा व्यवसाय करणाऱ्या कुणाचीही ही तक्रार आली की मी पोस्ट नंतर बघते, आधी इनबॉक्स उघडायला लावते. इन्स्टाग्रामवर आपण ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे मेसेज बहुतेक वेळा मुख्य यादीत न येता ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतात. तिकडे कुणी फिरकतच नाही. उघडून बघितलं की हमखास दोन-चार चौकश्या निघतात. ‘असंच करून मिळेल का?’, ‘किती दिवस लागतील?’ वगैरे. तारीख महिन्याभरापूर्वीची असते आणि विचारणारा तोवर दुसऱ्याकडून काम करून मोकळा झालेला असतो.

लोक बघत होते, विचारतही होते, फक्त पलीकडून कुणी बोलत नव्हतं. सोशल मीडियावरच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे सापडतं. म्हणून नवीन कॅमेरा, नवीन लोगो, नवीन एजन्सी यावर खर्च करण्याआधी पुढच्या चुका आपल्याकडे होतायत का ते तपासा.

‘डीएम केलंय’

शिवणकाम करणारीने नव्या ड्रेसचा फोटो टाकलाय. खाली कुणीतरी विचारतं, ‘किंमत?’ उत्तर येतं, ‘डीएम केलंय’, म्हणजे भाव खासगी मेसेजमध्ये कळवलाय. त्याखाली आणखी एकीचा तोच प्रश्न, आणि पुन्हा तेच उत्तर. असे आठ-दहा ‘डीएम केलंय’ एकाखाली एक. या आठ-दहा जणींनी निदान विचारलं तरी. न विचारता वाचून पुढे गेलेल्यांचा पत्ताच लागत नाही.

भाव उघड सांगायला लोक कचरतात त्याची कारणं मला पटतात. स्पर्धकाला कळेल, शिवाय प्रत्येक काम वेगळं असतं. पण स्पर्धकाला तुमचा भाव काढायचाच असेल तर तो ग्राहक बनून दोन मिनिटांत काढतो. अंधारात राहतो तो खरा ग्राहक. नेमका आकडा सांगता येत नसेल तर ‘इथपासून सुरुवात, कापड आणि अस्तराप्रमाणे वाढतं’ एवढं तरी उघड लिहा. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवून ठेवता येतात आणि कॅटलॉगही लावता येतो. हे ॲप 2018 पासून आहे, तरी कित्येक व्यावसायिक अजून घरच्याच नंबरवर, घरच्याच ॲपमधून धंदा चालवतात. मग ऑर्डर आणि नातेवाइकांचे फॉरवर्ड एकमेकांत मिसळतात आणि ऑर्डर खाली दबते.

फक्त आपलंच सांगत राहणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

1973 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक निरीक्षण मांडलं. लोकांना नोकरीची खबर अगदी जवळच्या मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या, जेमतेम ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. कारण सोपं आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. जेमतेम ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो आणि तिथली बातमी आपल्यापर्यंत आणतो. छोट्या व्यवसायाला कामं मिळतात तीही बरीचशी याच वाटेने.

आता आपल्या पेजवर बघा. लाइक करणारे कोण? बहीण, मेहुणा, शाळेतले मित्र. त्यांचं प्रेम खरं आहे, पण ते दर महिन्याला तुमच्याकडून काम करून घेणार नाहीत. उपयोगी पडतात ती शेजारच्या धंद्यातली माणसं. फोटोग्राफरला मेकअप आर्टिस्ट, सजावटवाला, हॉलचा मॅनेजर यांची ओळख हवी. फर्निचर दुरुस्त करणाऱ्याला रंगारी आणि इंटिरियर डिझायनरची. हिशेब बघून देणाऱ्याला वकिलाची. यांचा ग्राहक तोच असतो, काम मात्र वेगळं, त्यामुळे भांडणाचं कारण नाही.

ही ओळख वाढवायची कशी? त्यांच्या कामाखाली मनापासून आणि नेमकं लिहायचं. ‘सुंदर!’ आणि तीन इमोजी सगळेच टाकतात. ‘खिडकीच्या उजेडात रंग बदलू न देता काढलात, अवघड असतं’ असं लिहिलं तर समोरचा तुमचं प्रोफाइल उघडून बघतो. दुसरं म्हणजे काम मागायच्या आधी एखादं काम पाठवा. ‘हे आम्ही करत नाही, पण या करतात’ म्हणून टॅग केलेलं कुणी विसरत नाही.

आणि लिंक्डइनवर रिक्वेस्ट स्वीकारली रे स्वीकारली की लगेच चार परिच्छेदांचं माहितीपत्रक पाठवू नका. नाव विचारायच्या आधी हातात पत्रक कोंबणाऱ्याशी आपण कसं वागतो ते आठवा. त्यापेक्षा असं लिहा: ‘तुमच्या गटात पॅकिंगवर झालेली चर्चा वाचली. आम्हालाही काचेच्या वस्तू पाठवताना तीच अडचण येते. तुम्ही शेवटी कोणता खोका वापरला?’ प्रश्न खरा असला की उत्तर येतं, आणि तुम्ही काय करता हे त्या ओघात कळतंच.

न विचारता गटात घालणं, टॅग करणं

फोनमधला प्रत्येक नंबर उचलून गट बनवायचा आणि दिवसाला पाच जाहिराती टाकायच्या, याने लोक जोडले जात नाहीत, तुटतात. पुरेशा लोकांनी तक्रार केली तर व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं, आणि त्याच नंबरवर सगळा धंदा असेल तर पंचाईत.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते, ‘ब्रॉडकास्ट पाठवला, कुणाला पोचलाच नाही.’ इथे कारण तांत्रिक असतं. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवणं. हा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मिळतो, आणि एका यादीत 256 जणच बसतात. उपाय असा की वस्तू हातात देतानाच, ग्राहक खूश असताना, ‘नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन काही आलं की कळवते’ म्हणायचं. त्याच वेळी कळवलेलं चालेल ना, हेही विचारून घ्यायचं.

‘पूर्वी पेज चालायचं, आता चालत नाही’

हा भास नाही. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, आणि व्यवसायांच्या पेजची फुकटची पोच घटेल. त्याच्या महिनाभर आधी ‘लाइक करा, शेअर करा, तिघांना टॅग करा’ छापाच्या पोस्ट खाली ढकलायचंही त्यांनी ठरवलं होतं. तरीही लोक तीच स्पर्धा आजही लावतात. त्यात बक्षिसापुरते लोक येतात आणि बक्षीस वाटून झालं की जातात.

विकतच्या फॉलोअर्सचं तर बोलायलाच नको. डिसेंबर 2014 मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती एकदम साफ केली तेव्हा मोठमोठ्या कलाकारांचे आकडे रातोरात कोसळले. आकडा टिकला तरी नुकसान होतंच. दहा हजार फॉलोअर आणि पोस्टवर सात लाइक, हे गणित ग्राहकालाही जमतं.

जाहिरातीवर पैसे घालायचे असतील तर ‘बूस्ट’ दाबण्याआधी उद्दिष्ट कोणतं निवडलंय ते बघा. लाइक मागितले तर लाइकच मिळतात. चौकशी हवी असेल तर मेसेज हे उद्दिष्ट निवडा, आणि ज्या पोस्टवर आधीच लोकांनी विचारपूस केली आहे तीच पुढे सरकवा. पडलेली पोस्ट पैशाने उभी राहत नाही.

किल्ली दुसऱ्याकडे

पेज भाच्याने काढून दिलं, आता तो परगावी. पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे. रिकव्हरीचा ईमेल कुणाला आठवत नाही. हे इतक्या वेळा बघितलंय की नवीन काम घेताना माझा पहिला प्रश्नच असतो, ‘ॲडमिन कोण?’ पूर्ण ताबा मालकाकडे आणि एका विश्वासू माणसाकडे ठेवा, बाकीच्यांना लागेल तेवढाच. पासवर्डसोबत कोडही मागणारी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ‘तुमचं पेज 24 तासांत बंद होणार, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला तर त्या लिंकला हात लावू नका. पासवर्ड उकळण्याचा हा जुनाच फंडा आहे.

व्यवसायासाठी फेसबुकवर वैयक्तिक प्रोफाइल वापरत असाल तर ते नियमात बसत नाही, शिवाय 5000 मित्रांवर ते थांबतं. पेज काढा.

आणि सगळा डाव एकाच ठिकाणी लावू नका. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. ऑर्कुट 2014 मध्ये गेलं, गुगल प्लस 2019 मध्ये. ग्राहकांची नावं, नंबर आणि कुणी काय घेतलं याची यादी स्वतःच्या वहीत किंवा शीटमध्ये हवीच.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

बिझनेस खात्यावर गाजलेली गाणी बहुधा वापरता येत नाहीत, म्हणून रीलचा आवाज गायब होतो. खुल्या वापराचं संगीत घ्या. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत टाका. बरेच जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात, तेव्हा मुद्दा अक्षरांत दिसू द्या.

वाईट कमेंट आली की डिलीट करायचा मोह होतो. शिवीगाळ असेल तर खुशाल करा. तक्रार असेल तर एकदा उघड उत्तर द्या, बाकीचं फोनवर मिटवा आणि मिटल्यावर त्याच कमेंटखाली ‘बदलून दिलं’ एवढं लिहा. मला विचाराल तर पाच गोड अभिप्रायांपेक्षा ही एक ओळ जास्त ग्राहक आणते.

काम कुठून येतंय ते न विचारणं

लाइक मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारा आणि उत्तर त्याच्या ऑर्डरसमोर लिहून ठेवा. तीन-चार महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. कित्येकदा असं दिसतं की सगळी मेहनत एका ॲपवर चाललीय आणि कामं भलत्याच व्हॉट्सॲप गटातून येतायत. ज्या खात्यावरून एकही चौकशी आली नाही, ते चालू ठेवायचा आग्रह सोडा. तिथे एक पोस्ट वर पिन करून ठेवा: कामाचे दोन नमुने, फोन नंबर आणि ‘आम्ही आता इथे नसतो, या नंबरवर मेसेज करा’ एवढी ओळ. आणि त्या खात्याची रिक्वेस्ट पेटी आठवड्यातून एकदा तेवढी बघत जा.