मलेरियाचं मूल वॉर्डात आलं की: नव्या हाऊसमनसाठी

बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात, हाऊसमन म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितेय. गोव्यात मलेरिया पूर्वीच्या मानाने बराच कमी झालाय, म्हणूनच तो नवख्यांच्या पटकन डोक्यात येत नाही. ताप आणि झटके म्हटलं की आपण मेंदुज्वराच्या मागे लागतो. आईबाप बांधकामावर कामाला असतील तर आधी विचारा, ‘गावाहून कधी आलात?’ ओडिशा-झारखंडकडून नुकतंच आलेलं मूल असेल तर फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जास्त घातक प्रकार, धरूनच चाला. व्हायवॅक्स हा दुसरा प्रकारही दर वेळी सौम्य नसतो.

स्मिअरचा (काचपट्टीवरच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत ग्लुकोमीटर हातात घ्या. रक्तातली साखर ४० mg/dL च्या खाली गेली की ते गंभीर मलेरियाचं लक्षण. आजारी मूल धड जेवलेलं नसतं, यकृतातला साखरेचा साठा संपलेला असतो, त्यामुळे औषध सुरू होण्याआधीच साखर घसरते. डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) दिल्यावर मूल सावरलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ती पुन्हा उतरते. रात्री दर चार तासांनी तरी बघा.

‘आता शांत झोपलाय बघा,’ असं आई म्हणाली की मी टॉर्च घेऊन जवळ जाते. डोळे एका बाजूला फडफडतायत, ओठाचा कोपरा उडतोय, लाळ गळतेय. हातपाय मात्र स्वस्थ. ती झोप नव्हे, झटका चालूच आहे.

श्वासाचंही तसंच. खोल, धापा टाकल्यासारखा श्वास दिसला की सगळे न्यूमोनिया म्हणतात. छाती साफ असेल तर ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं, समजा आणि हिमोग्लोबिन बघा. ते ५ g/dL च्या खाली असेल तर रक्ताची सोय लगेच करा. हातपाय गार लागले म्हणून धडाधड सलाइन सोडू नका. पूर्व आफ्रिकेतल्या तीन हजारांवर मुलांच्या २०११ च्या अभ्यासात असा बोलस (एकदम भराभर सोडलेलं सलाइन) दिलेली मुलं जास्त दगावली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता.

गंभीर मलेरियावरचं औषध आर्टेसुनेट, शिरेतून: २० किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, ०, १२ आणि २४ तासांनी. तोंडाने घेऊ लागलं की गोळ्यांचा पूर्ण कोर्स द्यायचाच.

डिस्चार्जनंतरही एक धोका उरतो. आर्टेसुनेटनंतर एक ते तीन आठवड्यांनी तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन पुन्हा खाली येऊ शकतं. म्हणून पुढचे चार आठवडे तपासणीला बोलवा. कुटुंब तोवर दुसऱ्या साइटवर गेलेलं असतं, तेव्हा कार्डावर मुकादमाचाही फोन नंबर लिहून ठेवा.