बेसबॉलची जुनी पताका घेताय? आधी ती उलटी करून बघा

बेसबॉल संघांच्या नावाच्या तिकोनी कापडी पताका मी जमवतो. माझ्या संग्रहातली पहिली पताका खोटी निघाली. न्यू जर्सीतल्या एका रविवारच्या जुन्या बाजारात घेतलेली. निळं फेल्ट (तंतू दाबून केलेलं जाड कापड), त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ब्रुकलिन डॉजर्स’, कडेला तपकिरी डाग. विकणाऱ्याने आजोबांच्या माळ्यावरच्या ट्रंकेची गोष्ट इतकी रंगवली, की मी कापडाकडे नीट बघितलंच नाही. घरी ओल्या बोळ्याने डाग पुसला तर वास आला चहाचा. (खऱ्या जुन्या पताकेला पाणी लावू नका, लोकरीचा रंग फुटतो.)

तेव्हापासून माझा एक क्रम ठरलेला आहे.

पहिली तपासणी घरबसल्या, इतिहासाची. डॉजर्स हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला संघ, १९५७चा हंगाम संपवून ते लॉस एंजेलिसला गेले. ब्रुकलिनमध्ये असताना वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, त्यांनी एकदाच जिंकली, १९५५ साली. त्यामुळे ‘ब्रुकलिन, जगज्जेते’ असं लिहून दुसरंच साल छापलं असेल तर पुढे बघायची गरज नाही. पण घाई नको. बेसबॉलमध्ये ‘पेनंट (म्हणजे पताका) जिंकणं’ म्हणजे आपली लीग जिंकणं, आणि लीग त्यांनी त्याआधीही जिंकली होती, १९५६लाही जिंकली. मजकूर लीगचा आहे की वर्ल्ड सिरीजचा, ते नीट वाचा. सिअ‍ॅटल पायलट्स हा संघ १९६९चा एकच हंगाम खेळला. क्लीव्हलँड संघाच्या चिन्हावरचा लाल चेहऱ्याचा ‘चीफ वाहू’ १९५१चा. तो १९४८च्या पताकेवर दिसला तर गडबड आहे. आणि मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं, ते फलंदाजाच्या आकृतीचं चिन्ह आलं १९६९मध्ये. ‘१९५०च्या दशकातली’ म्हणून विकायला ठेवलेल्या पताकेच्या कोपऱ्यात मी ते स्वतः पाहिलंय.

मग कापड. जुन्या पताका लोकरीच्या, पुढे लोकरीत रेयॉन मिसळलेल्या फेल्टच्या. अ‍ॅक्रिलिक धागा बाजारात आला तोच १९५०च्या सुमारास. म्हणजे १९३०च्या दशकातली पताका अ‍ॅक्रिलिकची निघाली तर विषय संपला. ओळखायचं कसं? विकणाऱ्याची परवानगी घेऊन शिवणीतून सुटलेला एखादा तंतू चिमट्यात धरा आणि जाळा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि थंड झालं की टोकाला कडक काळा मणी उरतो.

छपाई दहापट भिंगाखाली बघा. जुनी शाई जाड बसलेली असते आणि फेल्ट जिथे दुमडलं तिथे तडकते. रंगीत बारीक ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते अलीकडच्या प्रिंटरचं काम. छापील पताकांच्याही आधीच्या पताकांवर अक्षरं कापून शिवलेली असत. तिथे टाके बघा.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, म्हणजे दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसली, अंधारात मारा. धाग्यात आणि कापडात चमक आणणारी रसायनं सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. शिवण निळसर-पांढरी लखलखली तर संशय घ्या. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. कुणीतरी हौसेने डिटर्जंटमध्ये धुतलेली किंवा नंतर दुरुस्त केलेली खरी पताकाही चमकते.

माझ्या मते खरी परीक्षा जुनेपणाची. जुनेपणाला कारण लागतं. पताका वर्षानुवर्षं भिंतीवर असते, म्हणून पुढची बाजू विटते आणि मागची त्या मानाने गडद राहते. चहात बुडवलेली दोन्हीकडून सारखीच पिवळट. रुंद कडेला जी पट्टी शिवलेली असते, ज्यातून नाड्या निघतात, ती नखाने जरा उचला. खाली मूळ रंग ताजा दिसायला हवा. कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं, भोकांभोवती गंजाचं कडं. कसर लागली असेल तर ती वेडीवाकडी खाते, काही ठिकाणी भोक न पाडता नुसता वरचा थर कुरतडते. गोल, स्वच्छ, सारख्या अंतरावरची भोकं कसरीची नसतात.

नव्याने काढलेल्या प्रतिकृती प्रामाणिकपणे विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. लबाडी पुढे होते, कुणीतरी लेबल उसवून टाकतो तेव्हा. म्हणून पताका उलटी करा आणि कडेजवळ सुईच्या बारीक भोकांची रिकामी ओळ दिसते का ते बघा. ऑनलाइन घेत असाल तर मागच्या बाजूचा आणि पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की मी नाद सोडतो. त्याच विक्रेत्याकडे तशाच आणखी चार ‘दुर्मिळ’ पताका दिसल्या तरी तेच.

माझी ती चहाची पताका अजून भिंतीवर आहे. शेजारच्या खऱ्या पताकेला मागच्या वर्षी कसर लागली. हिला ढिम्म काही झालेलं नाही.