डिस्क 'गेली' म्हणण्याआधी

डिस्क गेल्यासारखं वाटणारं मशीन दुकानात आलं की मी आधी बॅकअप घेतो, मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडतो. 'सी७' म्हणजे सीआरसी एररचा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा) आकडा फुगलाय, पण '०५' (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि 'सी५' (खराब असल्याचा संशय असलेले सेक्टर) शून्यावर आहेत? मग बहुतेक वेळा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबलच खराब निघते. क्लिप नसलेली, झाकणाखाली दुमडलेली केबल तर हमखास. ती बदला, पोर्टही बदलून बघा. सी७चा आकडा कमी होत नाही. तो पुढे सरकतोय का, एवढंच पाहायचं.

'०५', 'सी५' वाढत असतील तर मात्र नवी डिस्क घ्या, खटपट नको.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) स्टोरएएचसीआय या साटा ड्रायव्हरची १२९ नंबरची, म्हणजे डिस्कने उत्तर न दिल्याने रीसेट केल्याची, वॉर्निंग येतेय? पॉवर ऑप्शनमध्ये एएचसीआय लिंक पॉवर मॅनेजमेंट (डिस्कची जोडणी झोपवून वीज वाचवणारी सेटिंग) 'अ‍ॅक्टिव्ह' करा. हा पर्याय बऱ्याचदा लपवलेला असतो. आणि बायोसमधला साटा मोड (एएचसीआय किंवा RAID) उगाच बदलू नका, विंडोज सुरूच होणार नाही.